जमविणे आणि ऐकणे

गेल्या नाताळाच्या सुटीत आमच्या धाकट्या मुलीने एक साधाच प्रश्न विचारून आम्हांला निरुत्तर केले. टपालाने आलेले एक पुडके आम्ही मोठ्या उत्साहाने फोडीत होतो. आत जॅझ संगीताची एक नवी तबकडी होती. कपाटात जागा नव्हती, म्हणून आम्ही खालच्या कप्प्यातील तबकड्या दाटीवाटीने सरकवू लागलो. तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, या खालच्या कप्प्यातलं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. रात्री घर निजल्यावर मात्र त्या कपाटापुढे बसून मोजदाद केली. तबकड्या, कॅसेटी आणि सीडी मिळून संख्या चारशेंच्या वर गेली. त्यांपैकी शंभराहून अधिक अशा होत्या की, घरी आणल्या त्या दिवशी एकदा ऐकल्या आणि पुन्हा कधी बाहेर काढल्याच नाहीत. काहींचे तर प्लॅस्टिकचे वेष्टनही अद्याप उतरलेले नव्हते.

तेव्हापासून एक विचार मनात घर करून राहिला आहे. एखाद्या सुंदर गोष्टीचा आनंद घेणे आणि त्या गोष्टीचा हव्यास धरणे यांमधील सीमारेषा नेमकी कोठे असते? आमच्या बाबतीत निमित्त जॅझचे आहे. कोणाच्या बाबतीत ते पुस्तकांचे असेल, कोणाच्या बाबतीत साड्यांचे, कोणाच्या बाबतीत परसातील गुलाबाच्या कलमांचे. प्रश्न मात्र एकच. ज्याच्यावर आपण प्रेम करतो असे म्हणतो, त्याला आपण नक्की काय देतो?

जॅझशी आमचे नाते जडले ते लग्नाच्या वरातीत. आमच्या गावी लग्नाला ब्रास बँड असे. त्या बँडमधील ट्रम्पेटवाला ठरलेली चाल वाजविता वाजविता मध्येच दोन-चार सूर आपल्या मनाचे लावी आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा चालीवर येई. मिरवणुकीतील मंडळी नाचत राहत. आम्ही मात्र त्या दोन-चार सुरांची वाट पाहत त्याच्या मागोमाग चालत असू. पुढे शाळेच्या वरच्या वर्गात असताना रात्री लघुलहरींवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' लागू लागले. १९५५ पासून तेथे विलिस कोनोव्हर नावाचे निवेदक जॅझचा कार्यक्रम सादर करीत आणि १९९६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्या कामात होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा श्रोत्यांनाही समजावे म्हणून ते सावकाश, शब्द मोजून बोलत. खरखरीतून वर येणारा तो भारदस्त आवाज आणि त्यामागून उमटणारा सॅक्सोफोन ऐकताना आम्हांला प्रथम कळले की, वरातीतील ते दोन-चार सूर ही एका मोठ्या घराची केवळ पायरी होती.

नोकरी लागल्यावर पगाराच्या शनिवारी काळाघोड्याच्या 'ऱ्हिदम हाऊस'मध्ये जाण्याचा परिपाठ पडला. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. परंतु तेथे उभ्या-उभ्या कव्हरे उलटीपालटी करण्यातील सुख आजही बोटांना आठवते. अनोळखी नावाची तबकडी निवडावी, गाडीत पाकीट छातीशी धरून बसावे, घरी आल्यावर हातपाय धुऊन ती लावावी आणि पहिल्याच मिनिटात आपल्याला ठाऊक नसलेला एक मनुष्य आपल्याशी बोलू लागावा, या अनुभवाला दुसरी तोड नाही. या सुखात आम्हांला काहीही गैर वाटत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

ज्या वाचकांचा जॅझशी परिचय नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. हे संगीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात आकाराला आले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी ते घडविले. फ्रेंचांनी वसविलेल्या या कॅथलिक शहरात रविवारी गुलामांना कामातून सुटका असे आणि कॉंगो स्क्वेअर नावाच्या मैदानावर जमून ते आपल्या मायदेशाचे ताल वाजवीत. त्या तालांत पुढे चर्चमधील भजने, लष्करी बँडची वाद्ये आणि शेतमजुरांची दुःखगीते मिसळली. तेथे अंत्ययात्रेलाही बँड असतो. दफनभूमीकडे जाताना संथ भक्तिगीत वाजते आणि मृताचा निरोप घेऊन परतताना तोच बँड द्रुत, नाचरी चाल धरतो. ज्यांनी आपल्याकडे ख्यालगायन ऐकले आहे, त्यांना जॅझची रीत समजण्यास अडचण पडू नये. बंदिशीसारखी एक छोटी चाल सर्वांनी मिळून मांडावयाची, मग एकेकाने त्या चौकटीत राहून तिचा आपल्या बुद्धीने विस्तार करावयाचा आणि शेवटी पुन्हा सर्वांनी चालीवर यावयाचे. एकजण बोलत असताना बाकीचे गप्प बसत नाहीत. ते त्याचे बोलणे तोलून धरतात. त्यामुळे जॅझमध्ये ऐकणे हे केवळ श्रोत्याचे काम नसते. वादकाचे अर्धे काम ऐकण्याचेच असते.

या शहराशी निगडित एक लहानशी गोष्ट धर्मग्रामातील कुटुंबांना विशेष आवडावी. लुई आर्मस्ट्रॉंग हा तेथला जगप्रसिद्ध ट्रम्पेटवादक. आपला जन्म ४ जुलै १९०० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी झाला, असे तो जन्मभर सांगत आला. १९७१ मध्ये त्याचे निधन झाले. पुढे १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्समधील येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही अभ्यासकांच्या हाती लागली आणि जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ असल्याचे त्या नोंदीवरून दिसून आले. एका गरीब, बापाने टाकलेल्या मुलाचे नाव कोण्या धर्मगुरूने काळजीपूर्वक लिहून ठेवले होते. त्या मुलाचे पुढे काय होणार, हे त्या धर्मगुरूला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आनंदाविषयीचा संशय आपल्या परंपरेत जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात प्रांजळपणे लिहिले आहे की, चर्चमधील गायन ऐकताना गीताच्या आशयापेक्षा सुरांनीच आपण अधिक हेलावून गेलो, तर आपल्या हातून दोष घडला असे आपल्याला वाटते. परंतु तेच संत पुढे हेही कबूल करतात की, धर्मांतराच्या काळात याच सुरांनी आपल्याला रडविले होते; आणि अखेरीस गायन असावे याच बाजूला त्यांचा कौल पडतो. एवढ्या मोठ्या विचारवंताला हा प्रश्न निकालात काढता आला नाही, याचा आम्हांला दिलासा वाटतो.

त्यांच्यानंतर सुमारे साडेआठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रश्नाची वेगळ्या अंगाने उकल केली. धनुष्य सदा ताणून ठेवले तर ते मोडते, तसेच मनाचे आहे. म्हणून विरंगुळा ही मनाची गरज आहे, असे त्यांनी मांडले. म्हणजे संगीत ऐकणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. परंतु त्यांनीच दुसऱ्या एका ठिकाणी जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अभ्यासवृत्ती. ती समोरच्या विषयापाशी थांबते, त्याच्यासाठी कष्ट घेते. दुसरे नुसते कुतूहल. ते कोठेच थांबत नाही. एक पाहिले की लगेच दुसऱ्याकडे धावते. पहिल्याला ते सद्गुण म्हणतात, दुसऱ्याला दोष. तेराव्या शतकातील त्या लेखकाने आमचे खालच्या कप्प्यातील तबकड्यांचे कपाट पाहिलेले नव्हते, तरी निदान अचूक केले आहे, असे आम्हांला वाटते.

कारण नव्याची ओढ ही मुळात वाईट नाही. वाईट आहे ते नव्याला नवेपणापुरतेच मानणे. याची दोन उदाहरणे आमच्याच कपाटातून देतो.

'काइंड ऑफ ब्लू' हा माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाचा अल्बम जॅझमधील बहुधा सर्वांत लोकप्रिय अल्बम असावा. १९५९ च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत अवघ्या दोन बैठकींत न्यूयॉर्क येथे तो ध्वनिमुद्रित झाला. वादकांपुढे पूर्ण लिहिलेले संगीत नव्हते. थोड्या खुणा आणि सुरांच्या मालिका, एवढ्यावरच त्यांनी वाजविले. आमच्याकडील जुनी तबकडी आम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. पुढे आम्हांला कळले की, पहिल्या बैठकीच्या वेळी टेप यंत्र किंचित मंद गतीने चालत होते. त्यामुळे तबकडीच्या पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना मूळ सुरापेक्षा जराशा चढ्या ऐकू येत. ही चूक तीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली आणि १९९० च्या दशकातील आवृत्त्यांत ती सुधारण्यात आली. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ लावून ऐकल्या तेव्हा फरक आमच्याही कानांना जाणवला. मग इतकी वर्षे आम्ही काय ऐकत होतो? आमचा आनंद खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परिचय म्हणजे लक्ष नव्हे, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

दुसरे उदाहरण जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाच्या 'अ लव्ह सुप्रीम' या अल्बमचे. व्यसनाच्या गर्तेतून १९५७ मध्ये बाहेर पडल्यावर देवाविषयीच्या कृतज्ञतेने त्याने ही चार भागांची रचना सिद्ध केली. तिचे ध्वनिमुद्रण ९ डिसेंबर १९६४ रोजी झाले. आमच्याजवळ एका मित्राने भरून दिलेली कॅसेट होती. तिला कव्हर नव्हते. चौथा भाग आम्हांला नेहमी काहीसा विस्कळीत वाटे. ताल सुटल्यासारखा, वाक्ये अर्ध्यावर तुटल्यासारखी. पुष्कळ वर्षांनी मूळ अल्बम हाती आला. त्याच्या आतल्या बाजूस कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली एक प्रार्थना छापली आहे. ती प्रार्थना समोर ठेवून चौथा भाग ऐकला आणि आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. तो मनुष्य सॅक्सोफोनवर ती प्रार्थनाच एकेक शब्द करून म्हणत होता. जेथे ओळ संपते तेथे सूर थांबत होता. जो भाग आम्ही पुष्कळदा पुढे ढकलीत असू, तोच त्या अल्बमचा गाभा होता. नवा अल्बम विकत न घेता आम्हांला त्या दिवशी नवा अल्बम मिळाला.

यावर कोणी म्हणेल की, लक्षपूर्वक ऐकले म्हणून तरी काय मोठे साधले? भुकेल्याला भाकर मिळाली काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तो एका फार मोठ्या जॅझ कलावतीच्या जिवाला लागला होता. मेरी लू विल्यम्स ही पियानोवादक १९५४ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, पॅरिसमध्ये वाजविता वाजविता उठून गेली. न्यूयॉर्कला परतल्यावर ती तासन्‌तास चर्चमध्ये प्रार्थना करू लागली. व्यसनांनी आणि दारिद्र्याने गांजलेल्या वादकांना तिने आपल्या घरात आसरा दिला. १९५७ मध्ये तिने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. संगीत आणि देवभक्ती यांपैकी एकच निवडावे लागेल, असे तिला वाटत होते. परंतु ज्या धर्मगुरूंशी तिचा परिचय झाला होता, त्यांनीच तिला पुन्हा पियानोकडे वळण्याचा आग्रह केला. त्याच वर्षी ती रंगमंचावर परतली. सेवाकार्यही तिने सोडले नाही. गरजू वादकांच्या मदतीसाठी तिने जुन्या वस्तूंचे एक दुकान चालविले.

पेरू देशातील लिमा येथील संत मार्टिन दे पोरेस यांना १९६२ मध्ये संतपद जाहीर झाले. मिश्र वर्णाचे, मठात झाडलोट करणारे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे हे संत. त्यांच्यावर मेरी लू विल्यम्स हिने एक स्तोत्र रचले आणि ते १९६४ च्या तिच्या अल्बमवर आहे. गायकवृंदाचे संथ, धीरगंभीर गायन आणि मध्येच येणारा तिचा पियानो ऐकताना कोणता सूर चर्चचा आणि कोणता क्लबचा, हा प्रश्नच उरत नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये तिने रचलेल्या संगीतासह मिस्सा अर्पण झाला. तिच्या आयुष्यावरून आम्ही एवढेच शिकलो की, आनंद आणि करुणा एकमेकींच्या आड येत नाहीत. आड येतो तो आपला आळस. आणि त्या आळसाची एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या घरापासून चार घरे सोडून एक वृद्ध गृहस्थ राहत असत. मूळचे गोव्याचे, तरुणपणी मुंबईस आले आणि निवृत्तीनंतर आमच्या धर्मग्रामात स्थायिक झाले. आम्ही सारे त्यांना 'अंकल' म्हणत असू. ते कमी बोलत. नाताळाच्या मध्यरात्रीच्या मिस्साला गायकवृंदामागे उभे राहून ट्रम्पेट वाजवीत आणि वाद्य पेटीत ठेवून मुकाट्याने घरी जात. त्यांना संगीत कळते, एवढे आम्हांला ठाऊक होते. म्हणून नवीन काही आणले की, आम्ही अधूनमधून त्यांच्याकडे घेऊन जात असू. खरे सांगावयाचे तर, ऐकविण्यापेक्षा दाखविण्यासाठी.

२००५ च्या अखेरीस आमच्या हाती एक विलक्षण अल्बम आला. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये थेलोनियस मंक हा पियानोवादक आणि जॉन कोल्ट्रेन यांनी एकत्र वादन केले होते. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने ते मुद्रित केले. परंतु ती टेप पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररी ऑफ कॉंग्रेसमध्ये, इतर असंख्य टेपांत पडून राहिली. २००५ मध्ये जुन्या टेपांची जपणूक करण्याचे काम चालू असताना ती एका ग्रंथपालाच्या नजरेस पडली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. आम्ही ती सीडी घेऊन अंकलकडे गेलो आणि पाऊण तास बोललो. ती कशी सापडली, कोठे सापडली, त्या दोघांचे एकत्र ध्वनिमुद्रण किती दुर्मिळ, सारे सांगितले. एवढे अमोल वादन अठ्ठेचाळीस वर्षे कोणीच ऐकले नाही, याचे आम्हांला केवढे आश्चर्य वाटत होते!

अंकलनी सारे ऐकून घेतले. मग त्यांनी पहिली रचना लावावयास सांगितली. ती संपल्यावर तीच पुन्हा लावावयास सांगितली. डोळे मिटून, गुडघ्यावर बोट ठेवून ते बसले होते. मध्येच एवढेच म्हणाले, "पियानोवाला कुठं वाजवत नाही, ते ऐक." आम्ही मान डोलावली आणि पुढच्या रचनेची माहिती सांगू लागलो.

पुढच्याच वर्षी पावसाळ्यात अंकल वारले. अंत्यविधीला दादरहून दोन म्हातारे गृहस्थ आले होते. दफनभूमीच्या फाटकापाशी त्यांच्याशी बोलताना प्रथमच कळले की, अंकलनी वीस-बावीस वर्षे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट वाजविले होते आणि त्याआधी हॉटेलांतील बँडमध्ये ते जॅझ वाजवीत. 'काइंड ऑफ ब्लू'वर वाजविणाऱ्या सातही जणांची नावे आम्हांला मुखोद्गत होती. चार घरांपलीकडच्या वादकाला "अंकल, तुम्ही कोठे वाजवीत होता?" एवढे विचारण्याचे मात्र आम्हांला कधी सुचले नव्हते.

त्यांच्या मुलीने काही दिवसांनी आम्हांला बोलावून त्यांच्या तबकड्या दिल्या. त्या अकरा होत्या. सर्व झिजलेल्या, कव्हरे फाटल्यामुळे तपकिरी कागदात घातलेल्या. प्रत्येक कागदावर बारीक अक्षरात पेन्सिलीच्या खुणा होत्या: कोठे ट्रम्पेट श्वास घेतो, कोठे ड्रमवाला ताल बदलतो, कोणती ओळ पुन्हा ऐकावयाची. अकरा तबकड्यांत त्यांचे आयुष्य पुरून उरले होते.

त्यानंतर आम्ही अंकलसारख्यांचा इतिहास शोधू लागलो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत, ते चर्चच्या उपासनेसाठी. तीच मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईस आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि जॅझ मुंबईत रुजले. गोव्याच्या वादकांनी ते पाहता पाहता आत्मसात केले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्रॉंग म्हणू लागले. पुढे हे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले, कारण लिहिलेले संगीत वाचून वाजविणे त्यांना येत होते. आपले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटात ज्या नाचऱ्या चाली दिल्या, त्यांच्या वाद्यमेळात चिक चॉकलेट होता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा जाणकारांनी कित्येक संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळाचे अंग दिले. महाराष्ट्रातील घराघरांत ही गाणी गुणगुणली गेली. तबकडीवर नावे असत ती गायकाची, गीतकाराची आणि संगीत दिग्दर्शकाची. वाजविणाऱ्यांची नावे बहुधा कोठेच नसत. अलीकडच्या काळात काही अभ्यासकांनी ती परिश्रमाने गोळा केली. तोवर त्यांतील बहुतेक वादक निघून गेले होते.

म्हणून आता आम्हांला असे वाटते की, आस्वाद आणि हव्यास यांतील भेद तबकड्यांच्या संख्येत नाही. तो आपण ऋण मानतो की नाही, यात आहे. संगीत विकत घेता येते. ते निर्माण करणाऱ्याने आपल्या जीविताचा जो भाग त्यात ओतला, त्याची किंमत दुकानात चुकती होत नाही. ती फक्त लक्ष देऊन फेडता येते. हव्यासी मनुष्य पैसे देऊन मोकळा होतो. आस्वाद घेणारा मोकळा होत नाही. त्याला त्या सुरांमागील माणसाची विचारपूस केल्यावाचून राहवत नाही. आणि ज्याला दूरदेशीच्या मृत वादकाची विचारपूस करावीशी वाटते, परंतु शेजारच्या जिवंत वादकाची नाही, त्याचे प्रेम अजून कच्चे आहे, असे म्हणावयास हवे. आमचे तसे होते.

आज तर परिस्थिती अशी आहे की, मोबाइलवर बोट ठेवले की लाखो अल्बम हजर होतात. कपाटाचीही गरज उरलेली नाही. यास आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या मुलाला पगाराच्या शनिवारची वाट पाहणे परवडत नाही, त्यालाही आज कोल्ट्रेन ऐकता येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तेथे एक रचना संपण्याआधीच दुसरी सुचविली जाते आणि कोण वाजवीत आहे हे पाहण्यासाठी मुद्दाम शोधावे लागते. म्हणजे कुतूहलाला रस्ता सोपा झाला आहे. अभ्यासवृत्तीला आपला आपणच काढावा लागेल.

नवे अल्बम घेणे आम्ही सोडलेले नाही, हे कबूल करतो. मात्र नवा आणला की आठवडाभर दुसरा लावावयाचा नाही आणि वाजविणाऱ्यांची नावे आधी वाचावयाची, एवढा नियम घालून घेतला आहे. तो दर वेळी पाळला जातो असे नाही. खालचा कप्पाही हळूहळू वर येत आहे. मुलगी आली की, त्यातील एखादी तबकडी तीच निवडते.

'अलबेला'तील गाणी आम्ही आता पुष्कळदा ऐकतो आणि त्या काळच्या इतर चित्रपटांतीलही. एका गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये ट्रम्पेटची एक छोटी ओळ येते. ती जेथे श्वास घेण्यासाठी थांबते, तेथे अंकलची पेन्सिलीची खूण असावी, असे उगाच वाटते. ती ओळ त्यांनी वाजविली की दुसऱ्या कोणी, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. विचारावयाचे होते तेव्हा आम्ही बोलत होतो.